कालप्रवासाची सहा पानी चित्रकथा: हिशेबापासून छपाईपर्यंत

कालप्रवासाची चित्रकथा करायला घेतलेल्या नवोदिताचा पहिला दिवस बहुधा यंत्र रेखाटण्यातच जातो. माझाही गेला होता. यंत्र देखणे उतरले, त्याला तबकड्या आणि खटके लावून झाले, आणि चौथ्या पानावर आल्यावर लक्षात आले की आपला नायक या क्षणी नेमका किती वाजता, कितव्या फेरीत आणि कशासाठी उभा आहे, हे मला स्वतःलाच सांगता येत नव्हते. ती कथा तिथेच राहिली. तेव्हापासून मी आधी हिशेब मांडतो आणि पेन्सिल नंतर उचलतो; पुढे दिलेला क्रम त्या सवयीतून बसलेला आहे. लांबी मी सहा पानांची धरली आहे. चार पानांत उलगड्याची फार दाटी होते, आणि आठच्या पुढे गेल्यास नवख्याचा उत्साह शाई वाळण्याआधीच ओसरतो.

आधी काळाचा नियम

तुमच्या कथेत काळ कसा वागतो, हे सर्वप्रथम एका वाक्यात लिहून काढावे. ढोबळ मानाने तीन पर्याय आहेत. पहिल्यात भूतकाळ अचल असतो, म्हणजे नायक मागे जाऊन जे काही करतो ते आधीच घडून गेलेल्या घटनांचाच भाग ठरते; रशियन भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे स्वयंसुसंगतीचे तत्त्व याच धर्तीचे आहे. दुसऱ्यात भूतकाळ बदलता येतो आणि त्याच्याबरोबर वर्तमानही बदलतो. आजोबांनाच मारले तर नातू जन्मला कसा, हा प्रसिद्ध पेच इथला. तिसऱ्यात प्रत्येक बदलासरशी जगाला नवी फांदी फुटते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये पुंजयामिकीचा (क्वांटम मेकॅनिक्सचा) जो अर्थ मांडला, त्यावरून कथाकारांनी ही कल्पना बऱ्याच सैलपणे उचलली आहे.

नवोदिताने पहिला पर्याय घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या पर्यायात प्रत्येक बदलानंतरचे जग नव्याने रेखाटावे लागते. तिसऱ्यात संकटाला वजनच उरत नाही, कारण एका फांदीवर मेलेला माणूस दुसऱ्या फांदीवर सुखाने जगत असतो. अचल भूतकाळात मात्र चित्रकाराची एक मोठी सोय होते: पहिल्या पानावरची चौकट सहाव्या पानावर दुसऱ्या कोनातून दाखवता येते, आणि वाचक आपण होऊन पाने मागे उलटून पाहतो.

विज्ञान किती घालावे, याची चिंता नवोदितांना फार असते. भविष्याकडे जाण्याला भौतिकशास्त्राची हरकत नाही. १९७१ मध्ये जोसेफ हाफेले आणि रिचर्ड कीटिंग यांनी सिझियमची आण्विक घड्याळे प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, तेव्हा जमिनीवरील घड्याळांच्या तुलनेत पूर्वेकडे गेलेली घड्याळे सुमारे ५९ नॅनोसेकंद मागे पडली आणि पश्चिमेकडे गेलेली सुमारे २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. मागे जाण्याची गोष्ट वेगळी आहे. गणिती कुर्ट गोडेल यांनी १९४९ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांची अशी उकल दाखवली की जिच्यात स्वतःच्याच भूतकाळाशी येऊन मिळणाऱ्या वाटा असतात. पण ते विश्व सगळेच्या सगळे फिरणारे आहे आणि आपले तसे दिसत नाही. अशा वाटांवर आधारलेल्या यंत्रांच्या बहुतेक कल्पनांत यंत्र तयार झाले त्या क्षणाच्या मागे जाता येत नाही. ही मर्यादा कथाकाराला आयतीच मिळालेली आहे आणि ती वापरावी. एवढी माहिती तुम्हाला असली म्हणजे झाले. तिच्यातले एक वाक्यसुद्धा संवादाच्या फुग्यात येण्याची गरज नसते.

एक प्रश्न मात्र कोणीतरी विचारतोच. पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरते, तेव्हा एक मिनिट मागे गेलेला माणूस १,८०० किलोमीटर दूर अंतराळात कसा पडत नाही? सहा पानांच्या कथेत याचे उत्तर देऊ नये. उत्तर द्यायला गेलात तर एक पान खर्ची पडते आणि वाचकाला नसलेली शंका येते.

मर्यादा आणि किंमत

नियमाला दोन गोष्टी जोडाव्यात: यंत्राला काय जमत नाही, आणि प्रत्येक उडीची किंमत काय. हवे तिथे, हवे तेव्हा, हवे तितक्या वेळा जाता येणारा नायक कंटाळवाणा असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. आपली नायिका मनोऱ्यावरच्या मोठ्या घड्याळांची देखभाल करते. तिच्याजवळ एक खिशातले घड्याळ आहे. त्याची कळ दाबली की ती आहे त्याच जागी बरोबर एक मिनिट मागे जाते. प्रत्येक उडीला घड्याळाच्या काचेवर एक तडा जातो.

कथा अशी. नायिका मनोऱ्याच्या वरच्या मजल्यावर दातेरी चक्रांत डोके घालून बसली आहे. खाली शिडीवर तिचा शिकाऊ मुलगा तेल घालतो आहे. ५ वाजून १० मिनिटांनी अचानक घंटा वाजते, मुलगा दचकून वर पाहतो, त्याचा पाय निसटतो आणि तो खाली पडतो. नायिका कठड्याशी धावते, त्याला निपचित पडलेला पाहते आणि कळ दाबते. एक मिनिट मागे गेल्यावर ओरडून सावध करावे, तर मुलगा तिच्या आवाजानेच दचकेल. म्हणून ती घंटेमागे लपते आणि घंटेचा हातोडा धरून ठेवायला हात घालते. तोच हातोडा हातातून निसटून घंटेवर आदळतो. मुलगा पडतो तो तिच्यामुळेच. ती जिना उतरून खाली येते, तर मुलाखाली गोण्यांचा ढीग आहे. मघाशी जिथे काही दिसले नव्हते, तिथे गोण्या कोणी आणल्या? क्षणभर थांबून ती पुन्हा कळ दाबते.

इथे एक चाचणी लावावी. शहाणा वाचक विचारतो, "तिने सरळ अमुक का केले नाही?" प्रत्येक उडीजवळ हा प्रश्न लिहावा आणि त्याचे उत्तर तुमच्या नियमातून किंवा जागेच्या रचनेतून यायला हवे. ती मुलाला हाक का मारत नाही, याचे उत्तर वर आले आहे. ती अर्धा तास मागे का जात नाही? घड्याळ एकच मिनिट देते. एका मिनिटातून पुन्हा एक मिनिट, असे करत मागे का जात नाही? इथे तडे कामी येतात: तिसऱ्या तड्याला काच फुटते, हे पहिल्याच पानावर एखाद्या जुन्या फुटक्या घड्याळाच्या चित्रातून सुचवून ठेवावे. उत्तर सापडत नसेल तर कथा बदलावी. निवेदनपट्टीत खुलासा लिहून ते भोक बुजवण्याचा प्रयत्न करू नये.

दोन घड्याळांचा तक्ता

हे या लेखातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि नवोदित नेमके हेच टाळतात. कालप्रवासाच्या कथेत नेहमी दोन काळ चालू असतात: एक जगाचा आणि एक नायिकेचा स्वतःचा. कागदावर दोन रकाने पाडून दोन्ही सेकंदापर्यंत लिहावेत. आपल्या उदाहरणात पडण्याचा क्षण ५:१०:०० धरू.

तडा नसलेली नायिका ५:१०:२० ला पहिल्यांदा कळ दाबते आणि ५:०९:२० ला पोहोचते. एक तडा गेलेली नायिका तिथून ४० सेकंद घंटेमागे लपून असते, ५:१०:०० ला हातोडा आदळतो, मग ती ४० सेकंदांत जिना उतरते आणि ५:१०:४० ला तळाशी दुसऱ्यांदा कळ दाबते. दोन तडे गेलेली नायिका ५:०९:४० ला तळाशी उगवते आणि गोण्या ओढून आणायला तिच्याकडे बरोबर २० सेकंद असतात.

तक्ता मांडला की आपोआप दिसते की ५:०९:४० ते ५:१०:२० या ४० सेकंदांत मनोऱ्यात तीन नायिका आहेत: एक चक्रांशी आणि नंतर कठड्याशी, एक घंटेमागे आणि मग जिन्यावर, एक तळाशी. त्यांनी एकमेकींना पाहायचे नसेल, तर जागेचा नकाशा तसा आखावा लागतो. तक्त्यावरून माझी एक चूकही सापडली होती. पहिल्या मसुद्यात पहिल्या पानावरच वरून गोण्या स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे पुढच्या रहस्याची वाटच लागली होती. पण अचल भूतकाळाच्या नियमानुसार त्या तिथे असायलाच हव्यात. तेव्हा कठड्याची आडवी पट्टी नेमकी त्यांच्यासमोर येईल असा कोन घेतला आणि पट्टीखालून गोणीचा एक कोपरा तेवढा दिसू दिला. लपवायचे ते चित्रात हजर ठेवून लपवावे. मागाहून घुसडलेला पुरावा वाचक माफ करत नाही.

शेवटची चौकटही मला तक्त्यानेच दिली. दोन उड्यांमुळे नायिका जगापेक्षा दोन मिनिटे जास्त जगली आहे. म्हणून मुलगा डोळे उघडतो तेव्हा मनोऱ्याच्या आतल्या छोट्या तबकडीवर ५:११ वाजलेले असतात आणि तिच्या हातातल्या, दोन तडे गेलेल्या घड्याळात ५:१३. या चौकटीत एकही शब्द नको.

ज्यांची कथा सेकंदांऐवजी शतकांतून फिरते, त्यांनी तक्त्यात तारखा लिहिताना पंचांग तपासावे. ग्रेगरीय दिनदर्शिका स्वीकारताना इटली आणि स्पेनसारख्या देशांत ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस १५ ऑक्टोबर होता, तर ब्रिटनमध्ये २ सप्टेंबर १७५२ नंतर १४ सप्टेंबर उजाडला. मधल्या तारखेला लंडनमध्ये उतरलेला नायक चाणाक्ष वाचकाच्या तावडीतून सुटत नाही.

पानांची वाटणी

आता छोटे कच्चे आराखडे काढावेत; पत्त्यांच्या आकाराच्या सहा चौकोनांत काड्यांची माणसे पुरतात. त्याआधी छापील पुस्तिकेत कोणते पान कुठे येते ते पाहावे. दोन कागद एकात एक घालून दुमडले की आठ पाने होतात. त्यांपैकी बाहेरची दोन मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ म्हणून गेली की कथेला सहा उरतात, आणि कथेची पहिली दोन पाने समोरासमोर येतात, मग तिसरे-चौथे, मग पाचवे-सहावे. वाचकाचा डोळा समोरची दोन्ही पाने एकदम टिपतो, म्हणून धक्का नेहमी पान उलटल्यावर द्यावा. आपल्या कथेत दोनदा पान उलटते. पहिल्या वेळी तिसऱ्या पानाच्या माथ्यावर हातोडा निसटतो. दुसऱ्या वेळी, चौथ्या पानाच्या तळाशी गोण्यांकडे पाहणारा तिचा चेहरा असतो आणि उलटल्यावर पाचव्या पानावर गोण्या ओढणारे तिचे हात.

चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत वेळ दडलेली असते. एका चौकटीत उचललेला पाय आणि दुसरीत जिन्याचा तळ दाखवला तर मधले ४० सेकंद वाचक स्वतः चालतो. म्हणूनच कालप्रवास दाखवण्याची सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक युक्ती या पट्टीतच आहे. नेहमीचा वेळ पुढे सरकतो तिथे पट्टी पांढरी ठेवावी आणि उडी असते तिथे ती काळी करावी. दुसऱ्या काळ्या पट्टीला वाचक हा संकेत शिकलेला असतो. चौकटीच्या आत वेगळ्या काळाची लहान चौकट बसवण्याचाही मार्ग आहे. रिचर्ड मॅकग्वायर यांच्या १९८९ मधल्या 'हिअर' या सहा पानी चित्रकथेत खोलीचा एकच कोपरा अनेक वर्षांच्या तुकड्यांतून असा दाखवला आहे. नवोदिताने मात्र ही युक्ती संपूर्ण कथेत एकदाच वापरावी. आपल्याकडे ती पाचव्या पानावर, तिन्ही नायिका एकाच वेळी दाखवताना शोभते.

पानाला पाच-सहा चौकटी बऱ्या. पहिल्या पानावरची पडण्याची चौकट आणि सहाव्या पानावरची तीच घटना पानावर एकाच जागी, एकाच आकारात ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहणे वाचकाला सोपे जाते.

कोणती नायिका कोणती

काचेवरचे तडे ही कल्पना मला फार आवडली होती, पण ती छपाईच्या आकारात आणल्यावर दूरच्या दृश्यात तडेच काय, घड्याळही दिसेना. म्हणून लांबून ओळखू येईल अशी दुसरी खूण हवी. पहिल्या उडीनंतर हातोड्याचे वंगण लागून डाव्या बाहीवर मोठा काळा डाग पडतो. दुसऱ्या उडीनंतर वेणी सुटते. कोणतीही चौकट अंगठ्याच्या नखाएवढी करून पाहावी आणि तरीही नायिका कितवी ते कळते का, ते तपासावे. चित्र आरशासारखे उलटे करून पुन्हा वापरण्याचा मोह संगणकावर फार होतो. तो आवरावा, कारण त्या नादात डाग उजव्या बाहीवर जातो आणि वाचकाला वाटते की ही चौथीच कोणी बाई आहे.

रंग वापरणार असाल तर थोडेच वापरावेत. मूळ मिनिटाला एक रंगछटा आणि पुन्हा जगलेल्या मिनिटांना दुसरी, एवढे पुरते. काळ्या-पांढऱ्यात काम करणाऱ्यांनी पुन्हा जगलेल्या मिनिटांच्या पार्श्वभूमीवर तिरक्या बारीक रेघा माराव्यात.

रेखाटन, शाई आणि अक्षरे

ए-५ आकारात छापायचे असेल तर ए-४ वर काढावे. प्रमाण तेच राहते आणि चित्र मूळच्या सुमारे ७१ टक्क्यांवर येताना हाताचा कंपही झाकला जातो. चारही बाजूंनी छाटणीसाठी ३ मिलिमीटर चित्र बाहेर काढावे आणि महत्त्वाचा मजकूर कडेपासून बराच आत ठेवावा. स्कॅन करताना रंगीत पानांना ३०० आणि नुसत्या काळ्या रेघांना ६०० डीपीआय (दर इंचाला इतके ठिपके) ठेवण्याची पद्धत आहे. पेन्सिल आणि शाईबद्दल मी अधिक सांगत नाही, कारण त्याला सरावाखेरीज दुसरा रस्ता नाही.

अक्षरांबद्दल मात्र सांगायलाच हवे, कारण चांगली चित्रे मराठी अक्षरांपाशी येऊन बिघडलेली मी अनेकदा पाहिली आहेत. फुग्याची जागा कच्च्या आराखड्यातच राखावी. चित्र झाल्यावर उरलेल्या फटीत फुगा कोंबू नये. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय येतात, त्यामुळे रोमन अक्षरांपेक्षा दोन ओळींत अंतर जास्त लागते आणि त्याच मजकुराला फुगा उंच होतो. इंग्रजी चित्रकथांत मोठ्या लिपीतली अक्षरे सर्रास वापरतात. आपल्याकडे तशी सोय नाही, म्हणून जोर द्यायचा शब्द ठळक करावा. एका फुग्यात वीसच्या आतच शब्द असावेत. त्याहून जास्त लागत असतील तर बहुधा चित्र आपले काम करत नसते.

संगणकावर अक्षरे बसवताना युनिकोड फॉन्टच घ्यावा. 'कलम', 'बलू' आणि 'मुक्ता' हे मोफत मिळतात, आणि त्यांपैकी 'कलम' हस्ताक्षरासारखा असल्यामुळे फुग्यात बरा दिसतो. इंकस्केप या चित्रप्रणालीत देवनागरी नीट जुळते. इतर काही प्रणालींत मात्र भारतीय लिप्यांची मांडणी आधी चालू करावी लागते, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी पडतात. 'मिनिट' हा शब्द टाइप करून पाहावा. दोन्ही वेलांट्या आपापल्या अक्षराआधी आल्या तरच पुढे जावे.

घंटेचा आवाज तेवढा हातानेच काढावा. आपल्या कथेत एकच 'खण्ण' पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या पानावर अशा तीन ठिकाणी येतो, आणि तो एकच आवाज आहे हे वाचकाला कळणे कथेचा कणा आहे. म्हणून तो एकदाच रेखाटून तिन्ही ठिकाणी तोच चिकटवावा आणि अंतराप्रमाणे फक्त लहानमोठा करावा: घंटेजवळ पानभर, मनोऱ्याच्या तळाशी बोटाएवढा.

दुसऱ्याच्या डोळ्यांनी

छापण्याआधी पानांची झेरॉक्स काढून दोन कागदांची नमुना पुस्तिका दुमडावी आणि ती कथा माहीत नसलेल्या एखाद्याच्या हाती द्यावी. शेजारी बसून काहीही समजावू नये. वाचून झाल्यावर सुट्या चौकटींचे कपटे त्यांच्यासमोर ठेवावेत आणि नायिकेने ज्या क्रमाने ते क्षण अनुभवले त्या क्रमाने लावायला सांगावे. मी हे केले तेव्हा पहिल्या वाचकाने घंटेमागची चौकट गोण्यांच्या चौकटीनंतर ठेवली. कारण शोधल्यावर दिसले की घंटेमागच्या अंधारात मी बाहीवरचा डाग काढला होता, पण तो सावलीत मिसळून गेला होता. खिडकीतून एक तिरीप त्या बाहीवर पाडली आणि दुसऱ्या वाचकाने सर्व कपटे बरोबर लावले. वाचक पाचव्या पानावरून पहिल्याकडे परत जातो का, हेही न बोलता पाहावे. तो गेला नाही, तर पहिल्या पानावर दिसणारा गोणीचा कोपरा अजून दोन मिलिमीटर मोठा करावा.